कारण: घरकाम

वीज केंद्राचा भोंगा बंद होऊन दोन वर्षं झाली होती, तरी फोरमनला सगळे फोरमनच म्हणत. वाणी म्हणे, घरमालक म्हणे, लेकीच्या शाळेतले शिक्षकसुद्धा म्हणत. त्याच्या हाताखाली आता कोणी नव्हतं, बॉयलर नव्हता. ज्या चिमणीखाली त्याची सत्तावीस वर्षं गेली, ती एका रविवारी सुरुंग लावून पाडली होती. निम्मी वसाहत बघायला गेली. फोरमन गेला नाही. घरात बसून त्याने तो आवाज ऐकला, भिंतीवरचं घड्याळ सरळ केलं आणि बायकोला म्हणाला, "चहा टाक."

कोळशाची वीज बंद करून वाऱ्याची सुरू करायची असं वरती ठरलं, तेव्हा केंद्राच्या मैदानात सभा झाली होती. कुणाच्याही पोटावर पाय येणार नाही, असं व्यासपीठावरून तीनदा सांगण्यात आलं. काम गेलेल्यांच्या घरटी एकाला नव्या कारखान्यात जागा मिळणार होती. कारखाना पवनचक्क्यांच्या पात्यांचा होता. एकेक पातं साठ मीटर लांब, उभं केलं तर वीस मजले भरेल एवढं. फोरमनला बोलावणं आलं, इस्त्रीचा शर्ट घालून तो गेला आणि तासाभरात परत आला.

"काय म्हणाले?" बायकोने विचारलं.

"साच्यात कापडं अंथरायची म्हणे. काचेचं कापड असतं. सुरकुती पडू द्यायची नाही." तो खुर्चीत टेकला. "सत्तावीस वर्षं मी आग सांभाळली. आता चादरी घालत बसू?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"नाही म्हणालो."

सुपरवायझरच्या पाच-सहा जागा होत्या, पण त्या आधीच वाटल्या गेल्या होत्या. त्यातली एक पैलवानाला मिळाली होती. पैलवान हा एके काळचा फोरमनचा हेल्पर, राख उपसायच्या कामावर होता. पण युनियनमध्ये त्याचा शब्द चाले, आणि शब्द चालतो त्याची गाडी कुठे अडत नाही.

फोरमन त्यानंतर खुर्चीतून उठेनासा झाला. आठवडाभर बायकोने वाट पाहिली. मग एका सकाळी, त्याला न विचारता, ती स्वतःच कारखान्याच्या फाटकावर जाऊन उभी राहिली. अर्जावर 'कुटुंबातील व्यक्ती' असं लिहिलं होतं. ती कुटुंबातली होती आणि व्यक्तीही होती. तिला घेतलं.

पुरुषांना कायमची नोकरी आणि बायकांना ठेकेदाराकडून अकरा महिन्यांची, अशी तिथली रीत होती. का, असं एकीने विचारलं तर उत्तर मिळालं, बायका लग्नं करतात, बाळंत होतात, भरवसा कसा धरायचा? ती तेव्हा चाळिशीला टेकली होती आणि तिची लेक नववीत होती. बाळंतपणाच्या बाजूने कारखान्याला तिच्यापासून काही धोका नव्हता. पण तिला काम हवं होतं.

तिच्या साच्यावर अकरा बायका होत्या. त्यांत ती वयाने मोठी, म्हणून तिचं नाव थोरली पडलं. काम कठीण असलं तरी तिला आवडलं. पांढरंशुभ्र काचेचं कापड होडीसारख्या लांबलचक साच्यात अंथरायचं, तळहाताने दाबत जायचं, कडेला कडा जुळवायची. मग त्यावर रेझिन, कापड घट्ट करणारं चिकट रसायन. मधासारखं दाट, पण वास असा की पहिल्या दिवशी डोकं गरगरलं. बहुतेक रेझिन नळ्यांतून आपोआप भरलं जाई, पण जोड, कोपरे आणि पात्याचं मूळ हातानेच ब्रश फिरवून भिजवावं लागे. ते काम बायकांकडे. बायकांचा हात हलका असतो, असं पैलवान म्हणायचा. तो आता त्यांचाच सुपरवायझर होता.

हातमोजे मिळत, पण एकाच मापाचे आणि ते पुरुषी. बोटांची टोकं रिकामी लोंबत आणि मनगटाशी वीतभर तोंड उघडं. बायका मनगटावर रबरबँड चढवत. तरी वाकून कोपरा भिजवताना रेझिन आत ओघळायचंच. थोरलीने एकदा लहान माप मागितलं. पैलवान म्हणाला, "मागवलंय." त्याने ते दीड वर्ष मागवलेलंच ठेवलं.

दरम्यान, घरात एक गोष्ट घडली होती. ती बाहेर कुणालाच ठाऊक नव्हती.

कामाला लागून दोन-अडीच महिने झाले असतील. ती पहिल्या पाळीवरून दुपारी घरी आली तर ओट्यावर एक खरकटं भांडं नाही. सगळी घासून, पुसून, मापाप्रमाणे ओळीने उभी केलेली. फोरमन खुर्चीत पेपर तोंडासमोर धरून बसला होता. तिने काही विचारलं नाही, त्याने काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी धुणंही. महिन्याभरात स्वयंपाकघर बॉयलर हाऊस होऊन गेलं. डब्यांवर चिठ्ठ्या लागल्या. सिलेंडर कधी लावला, गाळणी कधी उकळली, याची भिंतीवर नोंद होऊ लागली. मसाल्याचा डबा चुकून उलटा ठेवला तर लेकीला मेमो मिळायचा.

"बाबा, हे घर आहे, प्लांट नाही," लेक म्हणायची.

"प्लांटमध्ये सत्तावीस वर्षांत एकच अपघात झाला," फोरमन म्हणायचा. "घरात दर महिन्याला दूध उतू जातं."

खुर्चीतून उठलेला नवरा बघून थोरलीच्या जिवात जीव आला. एकच अट होती, त्याने कधी न बोललेली, पण तिला कळलेली. दार लावलेलं असे. खिडकीचा पडदा ओढलेला असे. धुतलेले कपडे तो पिळून बादलीत भरून ठेवी, पण सज्जात वाळत घालायला कधी जात नसे. ते थोरली घाली. सकाळी कामावर निघण्याआधी ती सज्जात उभी राहून दोऱ्यांवर कपडे पसरायची आणि समोरच्या बायका तिला बघायच्या. म्हणायच्या, कमाल आहे बाईची, कारखाना करून घरचं धुणंही करते! ती नुसती हसायची. नवऱ्याची झाकली मूठ उघडावी असं तिला कधी वाटलं नाही.

दुसऱ्या करारातला पाचवा महिना असेल, तिच्या मनगटाला खाज सुटली. मोज्याचं तोंड जिथे संपतं, नेमकी तिथे लाल बांगडीसारखी रेघ उठली. तिने खोबरेल लावलं. आठवड्याने बोटांच्या बेचक्यांत पाणीदार फोड आले. मग एक दिवस सकाळी उठली तर पापण्या सुजून डोळे किलकिले झालेले. दोन दिवस सुट्टी घेतली की उतरायचं, कामावर गेलं की दुपारच्या आत पुन्हा चढायचं. कातडी फाटून सांध्यांवर चिरा पडल्या. लेकीच्या केसांत हात घातला की केस अडकायचे.

साच्यावर ती एकटीच नव्हती. आधी दोघींना असंच झालं होतं. दोघींचा करार संपला तो पुढे झाला नाही. शेजारी काम करणारी चष्मेवाली, तिशीतली, दोन लहान मुलांची आई, तिच्याही बेचक्यांत फोड होते. ती पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून यायची आणि डबा खाताना हात मांडीवर ठेवायची.

"सांग कुणाला तरी," थोरली म्हणाली.

"ताई, तुम्ही सांगा," चष्मेवाली म्हणाली. "मला परवडायचं नाही."

थोरली कार्मिक विभागाच्या मॅडमकडे गेली. मॅडमनेच कारखाना सुरू झाला तेव्हा थोरलीचा फोटो काढवून घेतला होता. फाटकावरच्या मोठ्या फलकावर ती पांढऱ्या कापडावर दोन्ही तळवे टेकून हसत होती आणि खाली लिहिलं होतं, 'तिच्या हातांत उद्याची ऊर्जा'. काही अडचण आली तर थेट माझ्याकडे या, असंही मॅडमने तेव्हा सांगितलं होतं. आता तिने थोरलीचे हात पाहिले आणि तिचा चेहरा खरोखर उतरला. "बापरे," ती म्हणाली. "डॉक्टरांना दाखवा लगेच. मी बोलते वरती."

कारखान्याचे डॉक्टर आठवड्यातून दोनदा येत. त्यांनी चष्म्यावरून एकदा पाहिलं.

"घरी भांडी कशाने घासता?"

"मी नाही घासत," थोरली म्हणाली.

"मोलकरीण आहे?"

"नाही."

"मग?" ते हसले. "बायकांना वाटतं, कारखान्यात आलं की कारखान्यानेच सगळं केलं. साबण, सोडा, धुण्याची पावडर, ह्यांनी हात असेच होतात. माझ्या घरी पण तेच रडगाणं आहे." आणि लिहिता लिहिता मोठ्याने म्हणाले, "कारण, घरकाम."

त्या दोन शब्दांचं वजन तिला बाहेर आल्यावर कळलं. आजार कामामुळे झाला असेल, तर कारखान्याने तिला दुसऱ्या विभागात घेऊन उपचार करायचे, असा नियम होता. घरकामामुळे झाला असेल, तर ती कामाला अपात्र. पंधरा दिवसांत तिला तसं पत्र आलं.

ती कामगार कार्यालयात गेली. तिथल्या कारकुनाने सरळ सल्ला दिला, "चामडीच्या डॉक्टरकडून तपासणी करा. पाठीवर त्या रसायनाची पट्टी लावतात, दोन दिवसांत दूध का दूध, पानी का पानी." ती त्या डॉक्टरकडे गेली. डॉक्टर म्हणाले, रसायन आणा. कारखाना म्हणाला, मिश्रण गुप्त आहे, थेंबही बाहेर देता येणार नाही. झालं, खुंटलं. मग कारकून म्हणाला, "एक मार्ग आहे. तुम्ही घरी पाण्यातली, साबणातली कामं करतच नाही, हे सिद्ध करा. करणारा कोणी असेल त्याला साक्षीला आणा."

तिने अर्जात खरं ते लिहिलं. साक्षीदार म्हणून नवऱ्याचं नाव दिलं. दिल्यावर त्याला सांगितलं.

फोरमन कांदा चिरत होता. तो थांबला. "तिथे कोण कोण असेल?"

"साहेब असतील, कारखान्याकडून मॅडम असेल. मी तर आहेच."

"हं," तो म्हणाला. मग पुन्हा सुरी चालवत, "सांगीन ना. त्यात काय एवढं."

रविवारी दुपारी लेकीने त्याची तोंडी परीक्षा घेतली. ती खुर्चीवर साहेब होऊन बसली आणि फोरमन मोरीच्या दाराशी उभा राहिला. "भांडी कोण घासतं?" "मी." "मोठ्याने." "मी घासतो, साहेब." "कधीपासून?" "दीड वर्षापासून." "कोणत्या साबणाने?" फोरमनने साबणाचं नाव सांगितलं, किंमत सांगितली, एक वडी किती दिवस पुरते तेही सांगितलं. लेक म्हणाली, "पास!" थोरली पोट धरून हसली. कित्येक दिवसांत ती तशी हसली नव्हती.

कामगार कार्यालय एका जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर होतं. लेकीने शाळा बुडवून सोबत यायचा हट्ट धरला, तिला बाहेर बाकावर बसवलं. आत लांब टेबल, वर काच, काचेखाली जुन्या वर्षांची कॅलेंडरं. चौकशी अधिकारी पन्नाशीचे होते, सर्दीने बेजार, दर दोन वाक्यांनी रुमाल काढत होते. कारखान्याकडून मॅडम आणि डॉक्टरांचा कागद आला होता. आणि भिंतीशी तीन खुर्च्यांवर, कामगार प्रतिनिधी म्हणून, पैलवान आणि युनियनचे आणखी दोघे बसले होते. दोघेही वीज केंद्रातले, फोरमनच्या पाळीतले.

दारातच फोरमनचे पाय अडखळले. थोरलीने ते पाहिलं. तिला वाटलं, पायरी लागली असेल.

चष्मेवालीही साक्षीला येणार होती. ती आली नाही. मूल आजारी आहे, असा निरोप होता.

आधी थोरलीने सांगितलं, मग मॅडमने. मॅडम कागदाकडे बघून बोलत होती. शेजारच्या तीन बायकांचे जबाब घेतले आहेत, त्या रोज सकाळी अर्जदार बाईंना ओले कपडे वाळत घालताना बघतात, असं तिने वाचून दाखवलं.

"वाळत मी घालते," थोरली म्हणाली. "धुते मी नाही."

"तुमची पाळी येईल तेव्हा बोला, बाई," अधिकारी म्हणाले आणि शिंकले. मग त्यांनी फोरमनला पुढे बोलावलं. "काय काम करता?"

"फोरमन," फोरमन म्हणाला.

"सध्या?"

"सध्या... घरी असतो."

भिंतीशी कुणीतरी खुर्ची हलवली. मॅडमने घसा साफ केला. "काका, एवढंच विचारते. तुमच्या घरी भांडी-धुणी कोण करतं?"

फोरमनने साहेबांकडे पाहिलं. मग त्याची नजर भिंतीकडे गेली. पैलवान हसत नव्हता. हसला असता तर कदाचित फोरमनला राग आला असता आणि रागात तो खरं बोलून गेला असता. पैलवान नुसता उत्सुकतेने, मान जराशी तिरकी करून, एके काळच्या आपल्या साहेबाकडे पाहत होता.

"घरची कामं घरची बाई करते, साहेब," फोरमन म्हणाला. "आणखी कोण करणार?"

"अहो," थोरली म्हणाली. तेवढंच.

"तुमच्या पत्नीने अर्जात लिहिलंय," अधिकारी कागद चाळत म्हणाले, "की ही सगळी कामं दीड वर्षं तुम्ही करता."

यावर फोरमन हसला. बारीकसं, पुरुषांनी पुरुषांत हसावं तसं. थोरलीला पुढे सगळ्यात जास्त छळलं ते त्या हसण्याने. "नोकरी जाऊ नये म्हणून लिहिलं असेल तिने," तो म्हणाला. "मनाने वाईट नाही ती."

थोरली उठून उभी राहिली. "साहेब, ह्यांचे हात बघा. एकदा बघा. नखांच्या कडा बघा, साबणाने गेल्यात."

अधिकाऱ्यांनी हात पुढे करायला सांगितलं. फोरमनने केले. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत जुने भाजल्याचे डाग होते, कातडी ठिकठिकाणी चकाकत होती. "हे तर भट्टीचे हात आहेत, बाई," अधिकारी म्हणाले. त्यांच्या आवाजात आदर होता.

बाहेर बाकावर लेकीला हे ऐकू आलं तेव्हा ती दार ढकलून आत आली. "मी सांगते! बाबाच घासतात. मी रोज बघते!" कारकुनाने तिला दंडाला धरून थांबवलं. अधिकारी तिच्याशी मायेने बोलले. वय काय तुझं, पंधरा? बाळा, साक्षीदारांच्या यादीत तुझं नाव नाही आणि आईसाठी तू बोलणारच. जा, बाहेर बस.

जिन्यात मॅडमने थोरलीला गाठलं. फाइल छातीशी धरून ती एक पायरी वरच उभी राहिली. "मला वाटलं होतं, ते खरं सांगतील."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"तुमचा अर्ज वाचला होता मी. असलं कोणी खोटं लिहीत नाही." मॅडमने खाली पाहिलं. "मलाही वरून विचारतात हो." आणि ती भरभर उतरून गेली.

तिघं घरी आली. फोरमन नेहमीसारखा मोरीशी गेला, पडदा ओढला, बाह्या सारल्या.

"ठेवा ते," थोरली म्हणाली.

"अगं, तुझे हात..."

"कागदावर मीच घासते ना? मग घासू द्या."

तिने त्याला बाजूला केलं आणि चिरा पडलेले दोन्ही हात साबणाच्या पाण्यात घातले. तिची मान आखडली. एक भांडं घासलं, दुसरं घासलं. कढई घेतली. पाणी गुलाबी झालं. फोरमन तिच्यामागे उभा राहून "पुरे, पुरे" म्हणत होता, पण हात लावायची हिंमत त्याला होत नव्हती. शेवटी लेकीने येऊन आईला मागून मिठी मारली आणि रडत रडत ओढून नेलं.

"चारचौघांत कसं सांगू?" फोरमन बऱ्याच वेळाने म्हणाला. तो दारात उभा होता. "तो राखवाला बसला होता समोर. माझं काय उरलंय गं? केंद्र गेलं, पगार गेला. एक नाव तेवढं राहिलंय, फोरमन. ते पण तिथे टाकून यायचं होतं का?"

थोरली हाताला फडकं गुंडाळत होती. "नाव राहिलं ना?"

त्याने दारातलं पायपुसणं पायाने सरळ केलं.

"मग झालं तर," ती म्हणाली.

निकाल आठ दिवसांत आला. त्वचारोग घरगुती कारणाने झाल्याचं दिसतं, त्याची जबाबदारी कारखान्यावर येत नाही. करार त्याच महिन्यात संपला. फलक उतरवला नाही. कारखान्यासमोरून जाणाऱ्या बसमधून थोरलीला तिचे पूर्वीचे हात दिसायचे. मग ती दुसऱ्या बाजूच्या सीटवर बसायला लागली.

महिन्याभराने चष्मेवाली घरी आली. दारातच रडली. तक्रार वरपर्यंत गेली म्हणून लहान मापाचे हातमोजे आले, असं तिने सांगितलं. पुठ्ठ्याचा अख्खा खोका आला. अगदी मनगटापर्यंत घट्ट बसतात. "तुमच्यामुळे आले, ताई. मी त्या दिवशी..."

"मूल बरं आहे का?" थोरलीने विचारलं.

चष्मेवालीने मान खाली घातली. थोरलीने तिला चहा दिला. तिच्यावर रागवायला थोरलीला कारण सापडत नव्हतं. जिच्या पदरात दोन पोरं आहेत तिने गप्प बसावं, हे तिला समजत होतं. जो रोज पडद्याआड भांडी घासत होता, त्याचं मात्र समजत नव्हतं.

घरात बोलणं कामापुरतं उरलं. लेक वडिलांशी तेवढंही बोलत नसे. ताट वाढलं की उचलून आत घेऊन जायची. फोरमन मात्र सगळं पूर्वीसारखंच करत राहिला. उलट जास्तच. पहाटे उठून लादी पुसायचा, लेकीचे बूट चमकवून ठेवायचा. ती ते बूट घालायची आणि काही न बोलता निघून जायची.

एके दिवशी दुपारी तो बाहेरून आला तो इस्त्रीचा शर्ट घालून. चेहरा काळवंडला होता. पाणी न पिताच तो खुर्चीत बसला.

"कामगार कार्यालयात गेलो होतो," तो म्हणाला. "लिहून दिलं. मी खोटं बोललो होतो म्हणून. सही करून दिलं."

थोरलीने पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे ठेवला.

"साहेब म्हणाले, मुदत संपली. निकालावर काही म्हणायचं तर तीस दिवसांत म्हणायचं असतं." त्याने शर्टाचं वरचं बटण काढलं, पुन्हा लावलं. "म्हणाले, आता वरच्या न्यायालयात जा. वकील लावा. आणि वर म्हणाले, आधी एक सांगितलं, आता दुसरं, तुमच्या शब्दाला तिथे किंमत किती देतील सांगता येत नाही."

"आज कितवा दिवस?"

"एकेचाळिसावा."

"एवढे दिवस काय करत होतात?"

फोरमनने मान वर केली. डोळे भरले होते. "धीर गोळा करत होतो."

थोरली त्याच्याकडे बघत राहिली. या माणसाने एकदा फुटलेल्या वाफेच्या नळीपुढे जाऊन झडप हाताने बंद केली होती, दोन पोरांना वाचवलं होतं. ते डाग त्यातलेच. त्यासाठी त्याला डोळ्याचं पातं लवेपर्यंतचाही वेळ लागला नव्हता.

"जेवण झाकून ठेवलंय," ती म्हणाली आणि सज्जात गेली.

पुढच्या सत्रापासून तिला शाळेच्या बसवर काम मिळालं. लहान मुलांना चढवायचं, मोजायचं, उतरवायचं. पगार निम्म्याहून कमी. मुख्याध्यापकांनी आधी तिचे हात पाहून कपाळाला आठ्या घातल्या आणि लागण होत नाही असा दाखला मागितला. सरकारी दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरिणीने तो लिहून दिला. लिहिताना तिने विचारलं, कशाने झालं? थोरलीने सांगितलं. डॉक्टरीण म्हणाली, हे एकदा झालं की त्या रसायनाशी आयुष्यभर वैर. आता जुनं रंगवलेलं दार घासलं, कुठे चिकटद्रव्याला हात लागला, तरी पुन्हा उठेल. जपा.

"पूर्वीसारखे होतील का हात?"

डॉक्टरिणीने शिक्का मारला. "नाही," ती म्हणाली.

फोरमन आता चहाच्या टपरीवर उघडपणे सांगतो म्हणे, की घरची भांडी मीच घासतो. कपडेही आता तोच सज्जात जाऊन वाळत घालतो, भर सकाळी, समोरच्या बायका बघत असताना. पहिले दोन दिवस त्या हसल्या, मग त्यांनी ते सोडून दिलं. पैलवान एकदा खाली रस्त्यावरून जाताना वर बघून म्हणाला, "काय फोरमनसाहेब, पाळी चालू का?" आणि आपल्या वाटेने गेला. एवढंच व्हायचं होतं.

ते सगळं बघताना थोरलीला राग येत नाही, आनंदही होत नाही. ती लेकीच्या खोलीत झोपते. सकाळी सहाला कोपऱ्यावर बसचा हॉर्न वाजतो. तोवर फोरमनने तिचा डबा भरून दाराशी ठेवलेला असतो. ती तो उचलते. काही दिवस "येते" म्हणते, काही दिवस म्हणत नाही.